पुढच्या वर्षी म्हणणारी माणसं

तुम्ही मला एक सांगा, डोळ्याच्या आजारानं कुणी मेल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

मीही ऐकलं नव्हतं. छातीत दुखतं, ताप डोक्यात जातो, साप चावतो, त्यानं माणूस जातो. डोळ्याचं काय, कमी दिसतं एवढंच. डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागेपर्यंत माझं हेच मत होतं.

माझं तिथलं काम सोपं. तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकायचे. थेंब टाकले की माणसानं डोळे मिटून बाकावर बसून राहायचं. मोबाईल बघता येत नाही, पेपर वाचता येत नाही, शेजारी कोण बसलंय तेही दिसत नाही. मग माणूस काय करणार? बोलतो. आणि ऐकायला मी एकटीच डोळे उघडे असलेली. म्हणून किस्से माझ्याकडे साठत गेले. घरी जेवताना एखादा सांगितला की आमचे हे म्हणायचे, "तू थेंब टाकतेस का गोष्टी काढतेस?"

पण हे सगळे किस्से मी ज्या काळात जमवत होते, त्या काळात माझा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. माझी आई. ती गावी, पिशोरला, माझ्या भावाकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. मी डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला, आणि माझीच आई भिंत धरून चालते. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "आमच्या गल्लीत तिघांनी डोळे उघडून आणले. तिघंबी गेले. ज्याला यम दिसत नाय, त्याला यमबी बघत नाय. तू माझी वाट लावू नको."

तिघं गेले होते हे खरंच होतं.

*

दुष्काळाची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. जायकवाडी धरण तळाला गेलेलं, शहरात नळ कधी येईल त्याचा नेम नाही. आम्हाला वाटलं होतं, अशा वर्षी दवाखाना रिकामा राहील. झालं उलटंच. शेतात काम नाही, म्हणून पोरं आपापल्या म्हाताऱ्यांना घेऊन यायला मोकळी. बाकावर जागा पुरेना.

त्यातच वैजापूरकडचे एक आजोबा आले. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमची सवय अशी, की ऑपरेशनच्या आधीच पथ्य समजावून सांगायचं. मॅडम एकेक सांगत होत्या आणि आजोबा मान हलवत होते.

"डोक्यावरून अंघोळ करायची नाही."

"बरं."

"शेतात जायचं नाही."

"बरं."

"जड उचलायचं नाही. पोतं वगैरे तर अजिबात नाही."

"बरं."

"चुलीपुढं धुरात बसायचं नाही. जमेल ना आजोबा? बऱ्याच जणांना हे पथ्य अवघड जातं."

आजोबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे समदं पथ्य आम्ही मागल्या दिवाळीपासनं पाळतोय. आता तेवढं ऑपरेशन करून टाका."

*

शहर तेव्हा चारी बाजूंनी वाढत होतं. मुकुंदवाडीत आमची बिल्डिंग उभी आहे तिथं आधी ज्वारी असायची. गारखेड्याच्या पुढेही जिथं तिथं चुन्याच्या रेघा मारलेल्या. त्या रेघा मारणाऱ्यांपैकी एक शेठ आमच्याकडे आले. प्लॉटिंगचा धंदा. बोटांत अंगठ्या, मागे ड्रायव्हर. नकाशावरचे आकडे दिसेनात म्हणून चष्म्याचा नंबर काढायला आलेले.

मी थेंब टाकले. मॅडमनी डोळ्याच्या मागचा पडदा तपासला आणि म्हणाल्या, "शुगर कधी तपासली होती?"

शेठ हसले. "मॅडम, मी खिडकीची काच पुसायला आलो. तुम्ही पायाच खराब म्हणताय."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शरीरातल्या रक्ताच्या नळ्या न कापता बघायच्या तर डोळ्यातच बघता येतात. तुमच्या नळ्यांनी पडद्यावर रक्त सांडलंय. इथं असं असेल तर हृदयाकडं आणि किडनीकडं काय असेल? आज चष्मा नाही. आज आधी मोठ्या डॉक्टरकडे."

शेठ चिडून गेले. आम्हाला वाटलं, गेले ते गेले.

बऱ्याच महिन्यांनी एक बारीक गृहस्थ थेंबांच्या बाकावर येऊन बसले. मी ओळखलंच नाही. अंगठ्या सैल झाल्या म्हणून काढून ठेवलेल्या. त्यांची शुगर भलतीच निघाली होती, शिवाय हृदयाची एक नळी बंद होत आलेली. वेळेवर उघडली. हृदयाचे डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "इथं तुम्हाला ज्यांनी पाठवलं, त्यांना पेढे द्या." ते पेढे खाऊ शकत नव्हते म्हणून आमच्या सगळ्या स्टाफसाठी फुटाणे घेऊन आले होते.

मॅडमनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"एकदम चांगलं. पाया दुरुस्त झाला, नळ्या साफ झाल्या. फक्त मॅडम, चष्म्याचा नंबर तेवढा राहिलाय."

*

आता चिकटपट्टीचा किस्सा. हा आठवला की अजूनही आधी भीती वाटते आणि मग हसू येतं.

ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूला कपाळावर आम्ही चिकटपट्टीचा तुकडा लावतो. त्या दिवशी कॅम्पचे पेशंट होते. एका बाकावर बायका, त्यांच्या समोरच्या बाकावर पुरुष. योगायोगानं दोन्हीकडे सगळ्यांचा उजवाच डोळा होता. पट्ट्या लावून मी थेंबांची नवी बाटली आणायला आत गेले.

बायकांमध्ये एक गयाबाई होत्या. हुशार, गावात बचतगट चालवणाऱ्या. एक डोळा गेलेला असला तरी दुसऱ्यानं त्यांना समोरचं दिसत होतं. त्यांनी समोर पाहिलं. सगळ्या पुरुषांच्या पट्ट्या एका बाजूला, आणि आपल्या बायकांच्या बरोबर उलट बाजूला. समोरासमोर बसलं की असंच दिसणार. पण गयाबाईंचा समज झाला, की पोरीनं बायकांच्या पट्ट्या चुकवल्या. त्यांनी स्वतःची काढून डावीकडे लावली. मग शेजारणीची. मग साऱ्या बाकाची.

मी परत आले तर सगळ्या बायकांच्या पट्ट्या डाव्या बाजूला.

तसं ऑपरेशनच्या टेबलावर नाव आणि डोळा पुन्हा विचारतातच. आणि थेंब मी फक्त उजव्या डोळ्यांत टाकले होते, त्यामुळे बाहुली उजवीच मोठी झालेली. कापायच्या आधी ते कळलंच असतं. तरी सगळ्या पट्ट्या जागेवर जाईपर्यंत मी दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

मी म्हटलं, "गयाबाई, हे काय केलंत?"

"अगं, तुझी चूक झाकली. मॅडमला नाय सांगत, भिऊ नको."

त्या दिवसापासून आमच्याकडे बायका आणि पुरुष एकाच दिशेला तोंड करून बसतात.

*

कॅम्पची गाडी चालवायचे रफिकभाई. गावोगाव जायचं, पेशंट आणायचे, ऑपरेशन झालं की परत सोडायचे. वर्षानुवर्षं तेच रस्ते, तीच गावं. मला ते आपा म्हणतात. त्यांची एक तक्रार कायमची होती. ज्यांची ऑपरेशनं झाली तेच लोक पुढच्या वर्षी गाडीला गराडा घालतात आणि भांडतात.

"आपा, एक बोलता चष्मा ढीला है. एक बोलता चाय में शक्कर नहीं थी. एक बुढ्ढी तो मेरेकू बोली, तेरे डॉक्टर ने आँख दी, अब मेरेकू बहू का सब काम दिखता, इसका इलाज क्या?"

मी हसले. मग सहज विचारलं, "आणि जे ऑपरेशनला नाही म्हणतात ते?"

रफिकभाई म्हणाले, "वो लोगां लई शरीफ. बोलते, रफिक, अगले साल पक्का. अगले साल जाता मैं, हॉर्न बजाता. घरवाले बोलते, गिर गए थे ओसरी पे. बोलते, दिखता नहीं था तो खाना-पीना कम कर दिया था. बोलते, एक ही जगह बैठे रहते थे. मेरा सर खाने को भी नहीं आते बेचारे."

मी हे मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील हा योगायोग आहे. मॅडम म्हणाल्या, "नाही सुमन, तो बरोबर बोलतोय. मोतीबिंदूनं कुणी मरत नाही. पण दिसेनासं झालं की माणूस पडतो. पडला की हाड मोडतं, हाड मोडलं की अंथरूण धरतो. नाहीतर घाबरून चालणंच सोडतो. औषधाची गोळी चुकते. कुणाकडे जात नाही, कुणाशी बोलत नाही. डोळा काही मारत नाही, पण डोळा गेला की बाकीचं सगळं हळूहळू मागोमाग जायला लागतं."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोळ्यांपुढे पिशोरचा आमचा उंबरठा होता.

*

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात पिशोरच्या विहिरी आटल्या. भावाचा फोन आला, "मायला काही दिवस तुझ्याकडं ठेव. तिथं टँकर तरी येतो." मला दुष्काळाचे आभार मानावेसे वाटले. आई माझ्याकडे मुकुंदवाडीला आली.

पाण्याची शिस्त घरात कडक होती. आईला प्यायला तिचा एक तांब्या मी सकाळी भरून उशाशी ठेवायचे. संध्याकाळी तो रिकामा असायचा. मी खूश, आई पाणी नीट पिते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पल्लवी राहायची. बँकेत नोकरीला, स्वभावानं गोड. एक दिवस ती वैतागून आली. "सुमनताई, माझ्या दारात रोज पाणी साचतं. बिल्डरनं काम कच्चं केलंय." तिनं प्लंबर बोलावला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, नळ पाहिले, म्हणाला, "टाकीतच पाणी नाही ताई, गळणार कुठून?" बिल्डरला फोन झाला. बिल्डर म्हणाला, "दुष्काळात ज्याच्या घरी पाणी गळतं तो नशीबवान."

दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन जिना चढत होते. वर पाहिलं तर आई पल्लवीच्या दाराशी. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या. पल्लवीच्या दारात एक कुंडी होती. मोठ्या हिरव्यागार पानांचं झाड. आई चाचपत चाचपत त्या झाडाला पाणी घालत होती.

ते झाड प्लास्टिकचं होतं.

"माय, हे काय करतेस?"

"कुणीच पाणी घालत नाय गं याला. मी रोज कान देऊन ऐकते. दार उघडतंय, लावतंय, पाण्याचा आवाज काय नाय. शहरातली माणसं लई कठोर." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या घरचं पाणी नाय घेतलं. माझ्या वाटणीचं घालते."

म्हणजे ती स्वतः पाणी पीतच नव्हती. सकाळचा अख्खा तांब्या त्या झाडाला. झाड प्लास्टिकचं आहे हे तिला सांगायला माझी जीभ उचलेना. मी पल्लवीला सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, त्यांना कळू देऊ नका."

त्यानंतर मी समोर उभी राहून आईला पाणी पाजायला लागले. पण मी कामावर गेल्यावर काय होत होतं, कुणास ठाऊक. एका दुपारी न्हाणीत तिला चक्कर आली. सुदैवानं ती धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर पडली. कोपराला खरचटलं, एवढंच. शेजारच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, "यांच्या अंगात पाणीच नाही."

मला मॅडमचे शब्द एकामागून एक आठवले. पडतो. खाणंपिणं सुटतं. मागोमाग जातं. पुस्तकात लिहिलेलं असावं तसं माझ्याच घरात सगळं क्रमानं चाललं होतं.

*

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी मला गाडीतून घरी सोडलं. मी त्यांना वर बोलावलं, चहा ठेवला आणि मुद्दामच आईसमोर बसवलं. ते आईला नानी म्हणायला लागले.

आईनं सरळ विचारलं, "तू गाडी चालवतो व्हय? मग आमच्या गल्लीतल्या तिघांना तूच नेलं असशील. तिघंबी गेले."

"हौ नानी, मैं ही लेके गया था. तीनों को उठा के गाडी में बिठाया था मैंने. वापस आए तो तीनों अपने पाँव से उतरे. उन तीनों में वो गाँव की सोसायटीवाले दादा तो उसके बाद दो साल खेत में घूमे, पोते की शादी में नाचे. कितनी उमर थी उनकी?"

"नव्वदीला टेकले होते," आई म्हणाली.

"तो नानी, नब्बे के आदमी को आँख ने मारा?"

आई कोपरावरच्या खपलीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "गाडीत पुढं बसवशील का?"

"तुम्हारी ही गाडी है नानी."

"मग येते मी. पण आधी माझी वाटणी करू दे."

तिची खात्री होती, की आपण काही परत येत नाही. तिनं पेटी उघडायला लावली. हिरवं नऊवारी पातळ मला. जावयाला तिची बॅटरी, "मला आता उजेड काय कामाचा." आणि अडकित्ता पल्लवीला, "कठोर हाय, पण गरीब हाय पोरगी." पल्लवीला अडकित्ता म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं तो शोकेसमध्ये ठेवला.

आधी एकाच डोळ्याचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी आईच्या डोळ्यात थेंब मीच टाकले. एक थेंब गालावर ओघळला तेव्हा म्हणाली, "नीट टाक. वाया घालवू नको, दुष्काळ हाय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली. आईनं डोळा मिचकावला, मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या रफिकभाईंकडे बघतच राहिली. त्यांची दाढी पांढरीशुभ्र.

"हा रफिक?"

"हौ नानी."

"अरे देवा. आवाजावरनं मला वाटलं पोरगं हाय. मी एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे केलं व्हय?"

वॉर्ड हसायला लागला. मी कोपऱ्यात जाऊन पदर डोळ्यांना लावला. एका डोळ्याचं काम झालं होतं, आणि आई जिवंत होती.

घरी आलो. पल्लवीनं तोवर एक काम करून ठेवलं होतं. प्लास्टिकचं झाड उचलून गच्चीवर, रिकाम्या टाकीमागे लपवलं होतं. दारात तसल्याच मोठ्या पानांचं खरं झाड नर्सरीतून आणून ठेवलं होतं. त्याचं नाव रबराचं झाड. खरं असूनही ते प्लास्टिकपेक्षा जास्त प्लास्टिकचं दिसत होतं. मी आणि पल्लवी बाजूला उभ्या.

आई जिना चढून आली. भिंत न धरता. झाडासमोर थांबली. पान बोटांत धरून पाहिलं, मग वाकून खालची माती पाहिली. पल्लवीच्या तोंडाकडे पाहिलं.

"लई छान जगवलंस गं," एवढंच म्हणाली आणि आत आली.

आम्हा दोघींना वाटलं, सुटलो. आत येऊन आईनं तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाली, "माझी वाटणी परत द्या." मी पातळ दिलं. यांनी बॅटरी दिली, त्यात नवे सेल घातलेले होते. पल्लवीनं शोकेसमधून अडकित्ता आणून दिला. संध्याकाळी आई काळा चष्मा लावून एकटीच गच्चीवर जाऊन आली. शहर कुठपर्यंत गेलंय ते बघायचं होतं म्हणाली. बराच वेळ वर होती. खाली आली, गालातल्या गालात हसत गरम भाकरी खाल्ली आणि लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला दार उघडलं. पल्लवीच्या दारात खऱ्या झाडाची आणि प्लास्टिकच्या झाडाची, दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, आणि दोन्हींखालची फरशी ओली होती.